मैफल नसलेल्या गावाचा कान

महाराष्ट्रातल्या शास्त्रीय संगीताचा इतिहास आपण गवयांच्या मागे फिरत लिहितो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी घेऊन आले की इतिहास त्यांच्यासोबत इचलकरंजी-मिरजेला मुक्काम करतो. अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या दरबारी राहिले की तो कोल्हापूरला जातो, भास्करबुवा बखल्यांबरोबर पुण्याला येतो, आणि शेवटी सगळे मुंबईत गिरगावात जमतात. या इतिहासात श्रोता असतो, पण पहिल्या रांगेतला. तो मान डोलावतो, दाद देतो, आठवणी लिहितो. जो मैफलीला कधी बसलाच नाही, ज्याच्या गावात मोठा गवई आला नाही आणि तरीही ज्याला भीमपलास कळत होता, त्याला या इतिहासात जागा नाही. माझे म्हणणे असे, की ध्वनिमुद्रिका ऐकणे, त्यावर बोलणे, 'हे ऐकलेत का' म्हणून दुसऱ्यापुढे तबकडी ठेवणे या सवयीचा उगम शोधायचा तर मैफलीच्या गावांपेक्षा मैफल नसलेल्या गावांकडे पाहावे लागते. त्यासाठी कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या किनाऱ्यावरचे रेवदंडा हे उदाहरण म्हणून चांगले आहे.

रेवदंड्याला इतिहासाची वाण नाही. कुंडलिकेच्या मुखाशी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात उभारलेल्या तटाच्या आतच आजचे अर्धे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसले आहे. १५७०-७१ चा निजामशाहीचा वेढा या तटाने सोसला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. तटाच्या आत ख्रिस्ती मठ होते, चर्च होती, आणि चर्च होती म्हणजे गाणेही होते. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली आजही बोलली जाते आणि त्या बोलीत गाणीही आहेत. शेजारच्या चौलच्या बंदरात कधीकाळी अरब, इराणी, रशियन माणसे उतरली. पण ग्रामोफोन हिंदुस्थानात आला तोवर हे वैभव संपून दीडशे वर्षे उलटली होती. गावात दरबार नव्हता. अलिबागच्या आंग्र्यांचे राज्य इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केले होते. गवयाला पोसायला लागतो तो संस्थानिक, जहागीरदार किंवा पेढीवाला शेठ इथे उरला नव्हता. संगीताच्या नकाशावर रेवदंडा म्हणजे कोरी जागा होती.

दक्षिणेला मुरूडला मात्र एक अपवाद होता आणि तो सांगण्याजोगा आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे संस्थान स्वातंत्र्यानंतर १९४८ पर्यंत टिकले. नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाझली या फैजी घराण्यातल्या, आणि त्यांची धाकटी बहीण अतिया फैजी हिने हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९१६ मध्ये बडोद्याला भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा या बाई तिथे होत्या आणि संगीतासाठी राष्ट्रीय संस्था हवी असा आग्रह धरत होत्या. त्यांचे पती सॅम्युएल रहमीन चित्रकार होते आणि जन्माने पुण्याचे बेने इस्रायल, म्हणजे ज्या समाजाची मुळे या कुलाबा किनाऱ्यावरच आहेत त्यातले. रेवदंड्यातही त्या समाजाचे सिनेगॉग आहे. पण हा अपवाद काय सिद्ध करतो? संगीताची आस्था नवाबाच्या वाड्यात आली तरी ती वाड्यातच राहिली. मुरूडच्या महालात बेगमसाहेबा गाणे ऐकत असतील तर त्याचा आवाज खाडी ओलांडून रेवदंड्याच्या पाखाडीत येत नव्हता. दरबार शेजारी असणे आणि गाणे कानी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

गाणे कानी पडायला यंत्र लागले. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात हिंदुस्थानातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे केली आणि लगोलग गौहरजानचा आवाज तबकडीत गेला. सुरुवातीला मुद्रणे जर्मनीत हानोव्हरला जात आणि तिथून तबकड्या होऊन परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि माल भराभर बाजारात आला. हे सगळे इतिहासकार सांगतात. पण या यंत्राच्या एका गुणाकडे ते फारसे लक्ष देत नाहीत, कारण शहरातल्या माणसाला तो गुण वाटत नाही. ग्रामोफोनला वीज लागत नव्हती. चावी फिरवली, सुई बदलली, की कर्ण्यातून आवाज. सिनेमाला वीज लागते, रेडिओला वीज किंवा जडशीळ बॅटरी लागते. हे यंत्र मात्र रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात, ओसरीवर, पडवीत, कुठेही चालत होते. विजेची तार गावात यायच्या कितीतरी आधी खाँसाहेब गावात येऊ शकले ते या स्प्रिंगच्या जोरावर. आणि ते यायला वाट होती. याच किनाऱ्यावरच्या रेवस बंदरात मुंबईची बोट लागत होती. किनाऱ्यावरच्या घराघरांतला कोणी ना कोणी गिरगाव, परळ, माझगावात नोकरीला होता. ही ये-जा किती दाट होती हे १७ जुलै १९४७ च्या एका दिवशी जगाला कळले. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या वाटेने पैसे येत, कापड येत, औषध येत. बाजारात मिळणारी तबकडी त्याच वाटेने येण्यासारखी होती.

आता पहिला आक्षेप. कोणीही जाणकार म्हणेल, की तबकडीवर जे होते ते शास्त्रीय संगीत नव्हेच. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात विलंबित ख्यालाची स्थायीही नीट मांडून होत नाही. शिवाय ज्यांना खरे गवई म्हणावे त्यांनी तबकडीकडे पाठच फिरवली होती. अल्लादिया खाँची ध्वनिमुद्रिका नाही, भास्करबुवांची नाही, बाळकृष्णबुवांची नाही. केसरबाईंनी मोजक्याच दिल्या आणि पुढे रेडिओलाही नकार दिला. मग ज्या गावाने फक्त तबकडी ऐकली त्याने शास्त्रीय संगीत ऐकले असे कसे म्हणायचे?

आक्षेप खरा आहे, पण अर्धा. भास्करबुवांचेच पाहा. ते १९२२ मध्ये गेले आणि त्यांचा आवाज मागे राहिला नाही. पण १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांच्या होत्या आणि ती पदे बालगंधर्वांच्या तबकड्यांवरून घरोघर पोचली. भास्करबुवांची बंदिश, त्यांनी निवडलेला भीमपलास, त्यांनी योजलेला यमन, हे सगळे तीन मिनिटांत बसवून बालगंधर्वांच्या गळ्यातून फिरत्या तबकडीवर गेले. त्याआधी १९११ च्या 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या होत्या आणि त्यांमागेही ख्याल-ठुमरीची शिदोरी होती. मास्टर कृष्णराव काय, दीनानाथ मंगेशकर काय, तबकडीवर गाजले ते नाट्यपदांतून. मराठी मुलुखात तबकडीवरचे शास्त्रीय संगीत शोधायचे तर 'ख्याल' असे छापलेल्या लेबलांवर थांबून चालत नाही, 'नाटक' असे छापलेली लेबलेही तपासावी लागतात. हा मराठीतला खास प्रकार आहे. गंगेकाठच्या खेड्यात ग्रामोफोनने गझल आणि ठुमरी नेली, इथे राग नाटकाच्या पदराआडून आला. ज्याने नाटक पाहिले नाही, ज्याला रुक्मिणीची गोष्ट कीर्तनातूनच माहीत होती, त्यानेही ते पद दहा-वीस वेळा ऐकले की रागाचे चलन कानात बसत होते. नाव नंतर कळले तरी चालत होते.

आणि नाव कळतही होते. मैफलीत गवई राग सांगतोच असे नाही. जुन्या खाँसाहेबांना कोणी रागाचे नाव विचारले तर ते रागावत, असे किस्से पुष्कळ आहेत. अनवट राग मुद्दाम झाकून गाण्याची रीत होती. तबकडीने ही झाकपाक मोडली. लेबलवर गाणाऱ्याचे नाव, बहुतेकदा राग, कधी ताल छापलेला. छपाई ढोबळ असे, काही वेळा चूकही असे, पण कानाने ऐकलेल्या वस्तूला एक छापील नाव चिकटले. गुरूच्या पायाशी न बसता रागाचे नाव कळण्याची मराठी वाचता येणाऱ्या माणसाला मिळालेली ही पहिली स्वस्त सोय होती. भातखंड्यांचे ग्रंथ याच काळात रागांचे लेखी वर्गीकरण करत होते हे खरे, पण ते विकत घेऊन वाचणारे किती? लेबल मात्र जो सुई ठेवील तो वाचत होता.

तीन मिनिटांच्या आक्षेपाला आणखी एक उत्तर आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. मैफल एकदाच होते. तिच्याविषयी दोन रसिक भांडले तर त्या भांडणाचा निकाल लागत नाही. ज्याची आठवण अधिक ठसठशीत, ज्याचे बोलणे अधिक रसाळ, तो जिंकतो. तबकडी पुन्हा लावता येते. 'इथे निषाद कोमल लागलाय' असे एकाने म्हटले तर दुसरा म्हणतो, लाव बरे परत. गिरगावातला कारकून आणि रेवदंड्यातला वाडीवाला दोघांपुढे तीच तीन मिनिटे असतात, तसूभरही कमी-जास्त नाहीत. पहिल्या रांगेचा अधिकार इथे संपतो. ऐकण्याविषयी बोलणे म्हणजे आठवण सांगणे राहत नाही, ती तपासता येणारी गोष्ट होते. आज रसिक मंडळी एकमेकांना 'सध्या काय ऐकताय' विचारतात, हे ध्वनिमुद्रण ते ध्वनिमुद्रण असे तोलत बसतात, त्या साऱ्या व्यवहाराचा पाया हा आहे. आणि ज्याला मैफलही मिळत होती त्या शहरी रसिकाला हा पाया लागतच नव्हता. त्याच्याकडे ट्रिनिटी क्लब होता, लक्ष्मीबागेतल्या बैठका होत्या, गणेशोत्सवातली गाणी होती. त्याच्या लेखी तबकडी म्हणजे उष्टावळ. ज्याच्यापाशी दुसरे काही नव्हते त्यानेच ती वाकून, पुन्हापुन्हा, अक्षरशः झिजेपर्यंत ऐकली.

याचा पुरावा गावकऱ्यांच्या नावांत मिळणार नाही, पण मोठ्यांच्या चरित्रांत मिळतो. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. सहा-सात वर्षांचा हा मुलगा नामवंतांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचा आणि त्यावरच त्याचे नाव झाले. १९३६ मध्ये तो मुंबईत जिना हॉलमधल्या परिषदेत गायला तेव्हा ऐकणारे थक्क झाले. भीमसेन जोशी गदगच्या बाजूचे. अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी दुकानातल्या ग्रामोफोनवर ऐकून आपल्याला गाण्याचे वेड लागले असे ते सांगत, आणि त्या वेडापायी त्यांनी अकराव्या वर्षी घर सोडले. दोघेही मराठी-कानडी मुलुखातले, दोघेही लहान गावांतले, आणि दोघांचाही पहिला गुरू काळी फिरती तबकडी. पुण्या-मुंबईतल्या मुलाला खाँसाहेब प्रत्यक्ष ऐकायला मिळाले असते तर तो तबकडीसमोर इतका वेळ थांबला असता का, ही शंका मी घेऊन ठेवतो. तबकडी नक्कल शिकवते, स्वतंत्र विचार मारते, असाही एक आक्षेप त्या काळात होता आणि आजही ऐकू येतो. त्याला कुमारांच्या नावापलीकडे उत्तराची गरज नाही. तबकडीची सर्वांत तंतोतंत नक्कल करणारा मुलगाच पुढे सर्वांत कमी कोणासारखा गायला.

अशा गावाचा कान घडवण्यात बायकांचा वाटा किती, हे बोलायचे राहून जाते. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ज्यांनी बिनदिक्कत दिल्या त्या बहुतेक बायका होत्या, कारण उस्तादांना कला चोरीला जाण्याची भीती होती आणि नायकिणींना, कलावंतिणींना नवीन बाजार हवा होता. गौहरजान हे त्यातले पहिले मोठे नाव. मराठीत सुंदराबाई जाधव, पुढे हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्याही पुढे मोगूबाई कुर्डीकर. गाणाऱ्या बायकांच्या बैठकीला घरंदाज बाईने जाणे शक्यच नव्हते. पण तोच आवाज तबकडीतून आला तर? तेव्हा माजघराच्या उंबऱ्यापर्यंत तो पोचत होता आणि तिथे बसलेल्या बाईला कोणी उठवत नव्हते. गाणाऱ्या बाईचा चेहरा दिसत नाही, म्हणून तिची जात, तिचे घर, तिच्याविषयीची कुजबुज थोडी मागे पडते. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली करून समाजाची मान वळवली, असे म्हणतात आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या आधी तबकडीने ती मान थोडी सैल करून ठेवली होती. मैफलीच्या गावात बाईला पडदा होता, मैफल नसलेल्या गावात पुरुष आणि बाई दोघांनाही एकच कर्णा होता. रेवदंड्यासारखे गाव या एका बाबतीत पुण्यापेक्षा अधिक समतेचे होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

यंत्र महाग होते, हा पुढचा आक्षेप. तबकडीही स्वस्त नव्हती. मग असे ऐकणे म्हणजे चार-दोन सुखवस्तू घरांचा छंद नव्हे काय? असेलच. पण महागाईचा परिणाम नेहमी उलटा होतो. वस्तू दुर्मीळ असली की ती ऐकायला सगळे जमतात. एका आळीत एक ग्रामोफोन असणे म्हणजे ती आळी एक श्रोतृसमूह होणे. ज्या घरात यंत्र आहे त्याच्याकडे तबकड्या मोजक्या, म्हणजे त्याच त्या पुन्हा लागणार, आणि ऐकणाऱ्यांनाही त्या पाठ होणार. कोणी मुंबईहून नवीन तबकडी आणली की ती यंत्रवाल्याच्या घरी जाणार, कारण ती दुसरीकडे वाजणारच नाही. तबकडी एकाची, यंत्र दुसऱ्याचे, कान सगळ्यांचे. वाटून ऐकणे ही इथे उदारपणाची बाब नव्हती, दुसरा इलाजच नव्हता. मुंबईत १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने 'यंग इंडिया' या नावाने स्वदेशी तबकड्या काढल्या. अशा छोट्या कंपन्यांना विलायती कंपनीच्या जोडीने गिऱ्हाईक मिळाले याचा अर्थ मागणी शहरी श्रीमंतांपुरती उरली नव्हती.

मग आला रेडिओ. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झाले, पण खेड्यात रेडिओ खऱ्या अर्थाने पोचला तो साठीच्या दशकात, ट्रान्झिस्टर आल्यावर. पोस्टात परवाना काढायचा आणि ऐकायचे. रेवदंड्याच्या बाबतीत इथे भूगोल मदतीला आला. सरळ रेघ काढली तर मुंबई इथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि मध्ये बरेचसे खारे पाणी आहे. मध्यम लहरी जमिनीवरून जाताना जेवढ्या क्षीण होतात तेवढ्या समुद्रावरून होत नाहीत. घाटावरच्या एखाद्या तालुक्याला जेवढी खरखर ऐकावी लागे तेवढी या किनाऱ्याला लागायचे कारण नव्हते. वैशाखात विजा कडाडू लागल्या की मात्र मध्यम लहरींवर सगळीकडेच तडतड होते, तशी इथेही व्हायची. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा पूर आला. त्यांच्यावर हुकूमशाहीचा, सिनेसंगीताच्या द्वेषाचा आरोप झाला आणि लोक 'रेडिओ सिलोन'कडे वळले हेही खरे. मला तो आरोप मान्य आहे. पण त्याच वर्षी सुरू झालेला शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम दीड तासाचा होता. ज्या कानाने राग तीन मिनिटांत ऐकला होता त्याला प्रथमच त्याच रागाचा विस्तार ऐकायला मिळाला, तोही घरी, तिकिटाशिवाय. मुंबईकर रसिकाला दीड तासाची मैफल नवी नव्हती. किनाऱ्यावरच्या श्रोत्याचा कान मात्र या दोन मापांमध्ये तयार झाला. आधी त्याला सारांश मिळाला, मग मूळ ग्रंथ.

रेडिओने देवाणघेवाणीला पत्ताही दिला. मुंबई केंद्राचा 'आपली आवड' हा कार्यक्रम भावगीत-नाट्यगीतांचा. पोस्टकार्डावर पसंती कळवायची आणि निवेदक श्रोत्याचे नाव गावासकट वाचून दाखवणार. त्या यादीत पुणे-नाशिकच्या बरोबरीने लहान लहान गावांची नावे येत. संगीतसमीक्षेच्या कुठल्याही ग्रंथात न येणाऱ्या माणसाने आपण काय ऐकतो हे साऱ्या मुलुखाला सांगायची ती जागा होती. कोणी म्हणेल, फर्माईश म्हणजे रसिकता नव्हे, ती नाव वाजवून घेण्याची हौस. हौस होतीच. पण मैफलीत पुढे बसून मोठ्याने 'क्या बात है' म्हणणाऱ्याची ती नसते काय?

शेवटचा आणि सर्वांत टणक आक्षेप असा, की किनाऱ्याचे स्वतःचे संगीत वेगळे आहे. कोळ्यांची गाणी आहेत, भजनी मंडळे आहेत, बेने इस्रायलांचे मराठी कीर्तन आहे, कोर्लईची गाणी आहेत. मग बाहेरून आलेल्या ख्यालाचा माग या गावात काढणे म्हणजे ब्राह्मण-मध्यमवर्गाचा छंद गावाच्या माथी मारणे नव्हे का? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, त्यात बरेच तथ्य आहे. ग्रामोफोन ज्यांच्या पडवीत होता ते कोण होते हे सांगायला फार कल्पना लागत नाही. पण रायगडातले भजन ऐकले की या दोन गोष्टींमधली भिंत पक्की नाही हे समजते. आगरी-कोळी बुवांनी पखवाजाच्या साथीने संगीत भजनाची जी परंपरा जोपासली तिच्यात मालकंस आहे, भैरवी आहे, आलाप-तानांची हौस आहे. नाट्यपदाच्या चालीवर अभंग बसवणे ही त्या बुवांची नेहमीची रीत. गंडा बांधायला ते सगळेच मिरजेला गेले नव्हते. गावातल्या जाणत्याकडून, एकमेकांकडून आणि कानावर पडलेल्या ध्वनिमुद्रणांकडून त्यांनी हे उचलले. खुद्द बेने इस्रायलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदू हरिदासांकडून कीर्तनाचा साचा घेऊन त्यात बायबलातल्या कथा लावल्या होत्या. ज्या किनाऱ्यावर घेणे-देणे इतके मुरले आहे तिथे ख्याल बाहेरचा आणि भजन आतले अशी वाटणी ओढूनताणून करावी लागते. तबकडी पडवीत वाजत होती हे खरे, पण आवाजाला पडवीची हद्द ठाऊक नसते.

टेप आल्यावर मैफलीच्या गावांनीही अखेर तबकडीच्या गावांचा धडा गिरवला, आणि मजा म्हणजे त्यातले वाटून ऐकणे गाळून. साठ-सत्तरच्या दशकांत खाजगी बैठका स्पूलवर ध्वनिमुद्रित होऊ लागल्या आणि शहरात एक नवा रसिक तयार झाला. त्याच्यापाशी अमक्या बुवांचा तमका राग आहे, पण तो ऐकवायचा की नाही हे तो ठरवणार. अदलाबदल व्हायची, पण तोलूनमापून, एका दुर्मीळ टेपच्या बदल्यात दुसरी. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने अशा ठेव्यातले काही कॅसेटवर बाजारात आणले हे त्यांचे मोठे काम. मुंबईत एचएमव्हीत काम केलेल्या ग. ना. जोशींनी आपल्या आठवणींत कलावंतांना ध्वनिमुद्रणाला राजी करताना काय काय करावे लागले ते सांगितले आहे. १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' निघाली. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा शोध, नोंदणी आणि जाहीर श्रवणसत्रे असा सपाटा लावला, आणि संग्राहकांच्या कपाटातले गाणे पुन्हा चारचौघांत आले. मायकेल किनियरची हिंदुस्थानातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईच्याच पॉप्युलर प्रकाशनाने काढली.

या सूच्यांचे मोल मोठे आहे. तबकडीचा क्रमांक, मुद्रणाचा क्रमांक, कंपनी, कलावंत, राग, सगळे त्यांत सापडते. पण त्यांत श्रोत्याचा रकाना नाही. शिवाय त्या ज्या तबकड्यांवरून बनल्या त्या वाचलेल्या तबकड्या होत्या आणि वाचणे हा हवामानाचाही प्रश्न आहे. लाखेच्या तबकडीला दमट हवेत बुरशी धरते, ग्रामोफोनच्या स्प्रिंगला खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो. देशावरच्या कोरड्या माडीवर पन्नास वर्षे टिकलेला संच किनाऱ्यावरच्या पोटमाळ्यावर तेवढा टिकणे अवघड. जे उरले ते घरे रिकामी होताना भंगारात गेले, आणि संग्राहकांचा नेहमीचा तळ असलेल्या मुंबईच्या चोरबाजारात असाच माल येतो. तिथे मिळालेल्या जुन्या तबकडीच्या लेबलवर किंवा कागदी पाकिटावर अनेकदा शाईने मालकाचे नाव लिहिलेले असते, कधी दुकानाचा शिक्का असतो. विकत घेणारा ते पुसून टाकतो किंवा दुर्लक्ष करतो, कारण त्याला क्रमांक हवा असतो. सूचीत मुद्रणाच्या क्रमांकाशेजारी ही नावे आणि गावेही उतरवली, तर कुलाबा जिल्ह्यातल्या कोणत्या गावात कोणाचा भीमपलास वाजत होता हे सांगायला माझ्यासारख्याला असा तर्काचा आधार घ्यावा लागणार नाही.